गालातली बिनकामाची गाठ

आमच्या गावात गालात सुई न घेतलेला पुरुष शोधूनही सापडणार नाही. थंडी पडली की नाकं वाहतात, नाकं वाहायची थांबली की गाल जड होतात, आणि गाल जड झाले की आरोग्य केंद्रात जाऊन सायनस धुऊन घ्यायचं, अशी आमच्याकडची रीतच आहे. सुई नाकपुडीतून आत जाते आणि बाजूचं पातळ हाड फोडून गालाच्या पोकळीत शिरते. ते हाड फुटल्याचा आवाज दुसऱ्या कुणाला येत नाही, आपल्यालाच कवटीच्या आतून ऐकू येतो. मग मिठाचं पाणी सोडतात आणि ते दुसऱ्या वाटेनं नाकातून खालच्या भांड्यात पडतं. दुकानाच्या कोपऱ्यात कॉफी पिताना आमची माणसं पकडलेल्या माशांबद्दल जेवढ्या थापा मारतात, तेवढ्याच या सुयांबद्दल मारतात.

मला थापा मारायची गरज नव्हती. माझा डावा गाल दर हिवाळ्यात धुतला जायचा. आमचे जुने डॉक्टर लेस्किनेन यांच्याकडे रेडिओएवढी एक पेटी होती. गालाला काहीतरी थंडगार चिकट लावायचं आणि त्यावर पेटीची कांडी टेकवायची. गालात नुसती हवा असेल तर कांडीतून सुटलेला आवाज पुढे जात नाही. पाणी असेल तर तो पार मागच्या हाडाला आपटून परत येतो आणि पेटीवर दिवा लागतो. माझा दिवा कायम लागायचा. "आहे, आहे, भरलंय," असं खुशीत म्हणून लेस्किनेन सुई उचलायचे. बाहेर पडायचं ते मात्र स्वच्छ पाणी. "म्हणजे वेळेवर आलास, ओइवा," असं म्हणून ते हात धुवायचे, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच.

सुई झाली की अर्धा तास पडून राहावं लागतं, चक्कर येऊ नये म्हणून. बाजूच्या खोलीत एक पलंग होता, निळं पांघरूण होतं, आणि नर्स जाताना दार लोटून घ्यायची. खरं सांगायचं तर शेवटची काही वर्षं मी त्या अर्ध्या तासासाठीच जात होतो.

कारण घरी हेल्वी होती. हेल्वी माझी बायको. गावच्या शाळेचं स्वयंपाकघर तिनं एकटीच्या हिमतीवर चालवलं. आज इथे जी माणसं चाळिशी-पन्नाशीची आहेत, ती सगळी तिच्या हातचे उकडलेले बटाटे आणि माशाचं सूप खाऊन वाढली. मी रस्त्यावरचा बर्फ सारणारी गाडी चालवायचो, ती मुलांना जेवायला घालायची. आता तिला विसरायला होतं. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं नव्हे, ते मीही विसरतो. ती शेगडी बंद करायला विसरते, जेवल्याचं विसरते, आणि रात्री उठून कोट चढवून गोठ्यात निघते. गाई विकून जमाना झाला. मग मी उठायचं, तिचा हात धरायचा आणि परत आणायचं. एका रात्रीत किती वेळा, ते मी मोजायचं सोडून दिलंय. सुऱ्या मी वरच्या फडताळात नेऊन ठेवल्या, आगपेटी खिशात घेऊन फिरतो, बाहेरच्या दाराला घंटी बांधली आहे. चार वर्षं झाली याला. नाकी नऊ येणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, सरकार काय करतंय? सरकार आपलं काम करतं. घरच्या माणसाला सांभाळणाऱ्याला दर महिन्याला हक्काची सुट्टी असते. तेवढे दिवस त्या घरच्या माणसाला कोइवुलात ठेवतात. कोइवुला म्हणजे चर्चच्या पलीकडचं वृद्धांचं घर. सगळी व्यवस्था बघणारी सिर्कु दर महिन्याला फोन करायची.

"ओइवा, या महिन्याची सुट्टी घेताय ना?"

"कशाला? मी काय आजारी आहे?"

"आजारी असायची गरज नसते हो."

"मग देऊन टाक दुसऱ्या कुणाला."

आमच्याकडे माणूस आजारी पडला तरच बसतो. पायावर उभा असेल तर उभाच राहतो. माझ्या वडिलांचा एक हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा ते एका हातानं लाकडं फोडत होते, आणि आई खिडकीतून बघत म्हणत होती, दुसरा आहे की. अशा घरात वाढलेल्या माणसानं धडधाकट असताना बायकोला दुसऱ्याच्या हवाली करायचं आणि आपण सोफ्यावर लोळायचं? तोंड कुठे लपवू?

एकदा मात्र पाठवलं होतं. पहिल्याच वर्षी, एका दिवसापुरतं. संध्याकाळी आणायला गेलो तेव्हा हेल्वीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तिच्याकडे बघू शकलो नाही. घरी आल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हाच ठरवलं, मरायला टेकल्याशिवाय हिला तिथे पाठवायचं नाही. आणि मरायला टेकणं काही जमत नव्हतं.

तेवढ्यात ही गाठ आली. वरची दाढ ठणकत होती म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं फोटो काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, "दाढ झिजलीय, पण बरी आहे. वर मात्र काहीतरी दिसतंय. गालाच्या पोकळीत. गोल आहे." त्यानं शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला कळवलं, त्यांनी मला त्या नळकांड्यासारख्या मशीनमध्ये झोपवून डोक्याचे फोटो काढले, आणि मग नाकाच्या डॉक्टरकडे यायची तारीख दिली. गालात गाठ आहे हे ऐकून शिट्टी वाजवत घरी आलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी.

दुकानात चौकशी केली. सायनसचं ऑपरेशन झालं की दोन आठवडे वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, ताण घ्यायचा नाही. दोन आठवडे! मी सिर्कुला स्वतःहून फोन केला.

"अरे देवा," ती म्हणाली. "मग हेल्वीला दोन आठवडे कोइवुलात ठेवू. एक खोली रिकामी होतेय. तपासून आलात की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा, तोवर धरून ठेवते."

मला ऑपरेशन हवं होतं. सुरीची भीती नव्हती. भीती एकच, डॉक्टर नको म्हणेल. डॉक्टरनं हो म्हटलं असतं तर मी हेल्वीला सोडून दिलं असं झालं नसतं. माझ्या गालानं सोडलं असतं.

*

जायच्या दिवशी सकाळी आमची शेजारीण इम्पी हेल्वीजवळ थांबायला आली. नोव्हेंबरचा चिखलबर्फ तिनं बूट आपटून पायरीवरच झाडला आणि आत येताच तिची नजर माझ्या बॅगेवर गेली. आज फक्त तपासणी आहे हे मला माहीत होतं. तरी सपाता, दाढीचं सामान आणि वाचायला म्हणून एक जाडजूड पुस्तक भरलं होतं. कोण जाणे, बघतील आणि म्हणतील, चला, आत्ताच उरकून टाकू.

"ऑपरेशनला चाललायस की सुट्टीला कॅनरी बेटांवर?" इम्पी म्हणाली.

"हळू बोल. आणि हे बघ, हेल्वीला कोइवुलाचं काही सांगू नकोस."

"मी? मी कुणाला काही सांगते का?"

"ते गावाला ठाऊक आहे."

हेल्वी खिडकीशी बसून पक्ष्यांसाठी दाणे ठेवलेलं लाकडी घरकुल बघत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "शहरात जाऊन येतो."

"बर्फ आहे रस्त्यावर," ती म्हणाली. "गाडी काढ." तिच्या हिशेबी मी अजून नोकरीवर होतो.

बसमध्ये मी पूर्ण वाट गालावर हात ठेवून बसलो. दुखतंय का ते चाचपून पाहत होतो. थोडं दुखत होतं. तेवढंच दुखत राहावं, अशी प्रार्थना केली. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, पण डॉक्टरच्या दाराशी पोचलं की ते सशाच्या पावलानं पळतं, हा माझा अनुभव.

नाकाची डॉक्टर, रासिला तिचं नाव, माझ्या मुलीच्या वयाची असती, मला मुलगी असती तर. स्वतःलाच सर्दी झालेली, नाकाचा शेंडा लाल. "हसू नका," ती म्हणाली. "नाकाच्या डॉक्टरलाही नाक असतं." मग तिनं पडद्यावर माझं डोकं आणलं. पाव कापावा तसे त्याचे काप केले होते. ती एकेक काप पुढे सरकवत गेली.

"ही तुमची डावी पोकळी. ही भिंत, हे छत, हा तळ. आणि तळावर हा गोल घुमट दिसतोय, ती गाठ. पाण्याची गाठ आहे. या पोकळीला आतून अस्तर असतं, त्यात शेंबूड तयार करणाऱ्या बारीक बारीक ग्रंथी असतात. एखादीचं तोंड बुजलं की पाणी आतच साठतं आणि ती फुगते. बाकी काही नाही."

"फोडा मग."

"थांबा. आता या खोलीचं दार कुठे आहे ते बघा."

मी दार खाली शोधत होतो. तिनं पेन्सिल वर नेली, छताला लागून, नाकाच्या बाजूच्या भिंतीत. एवढंसं भोक.

"कुठल्या गाढवानं बांधलंय हे?" मी म्हणालो. "पाणी साठणार खाली आणि मोरी वर?"

"ज्यानं बांधलं त्याला विचारायची सोय नाही. पण चालतं. अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. ते शेंबूड तळापासून वर ढकलत नेतात, त्या दारापर्यंत. दिवसरात्र चढावर ढकलायचं, एवढंच त्यांचं काम. वरचं दार सर्दीनं सुजून बंद झालं, की पोकळी तुंबते, पू होतो, माणूस तापानं फणफणतो. ते खरं सायनसचं दुखणं. तुमचं दार उघडं आहे, आणि गाठ त्याच्यापासून लांब आहे."

"धुराच्या सौनासारखं," मी म्हणालो. सौना म्हणजे आमचं वाफेचं न्हाणीघर, बाकावर बसून घाम काढायचं. "धुराचा झरोका वर असतो. तो उघडा असला की बाकाखाली काय पडलंय याची कुणी पर्वा करत नाही."

"अगदी तसंच. तुमच्या बाकाखाली एक उशी पडलीय. पडू द्या."

ती खूश झाली, कारण मला समजलं होतं. मला समजलं म्हणूनच मी बॅग पायाजवळ ओढली.

"पण आमच्याकडे पेटीवर दिवा लागायचा! दर वर्षी!"

"लागणारच. उशीत पाणी आहे ना. पेटीला पाणी कळतं. ते गाठीतलं की सर्दीचं, हे कळत नाही."

"मग त्या सगळ्या सुया?"

तिनं नाक पुसलं. "पाणी स्वच्छ यायचं का?"

"झऱ्यासारखं."

"मग धुवायला आत काही नव्हतंच, ओइवा."

म्हणजे दुकानातल्या कोपऱ्यातला माझा मानसुद्धा गेला. विनाकारण सुया खाणारा म्हातारा, एवढीच माझी ओळख उरली.

तिनं माझ्या नाकात औषध फवारलं आणि शेवयाएवढी बारीक नळी आत घालून बघितलं. मधला पडदा जरा डावीकडे वाकलाय म्हणाली, पण वाट मोकळी आहे. मग गाल दाबला, कपाळ दाबलं, जबड्याच्या सांध्यावर बोट टेकवलं. तिथे मी ओरडलो.

"वरच्या दाढांची मुळं या पोकळीच्या तळाला खालून टेकलेली असतात," ती म्हणाली. "म्हणून दाढेचं दुखणं गालात वाटतं. तुम्ही रात्री दात आवळता. झोप कशी आहे?"

"झोप राहू द्या. ही गाठ वाढेल ना पुढे?"

"बहुतेक नाही."

"थोडीसुद्धा नाही?"

"कधी कधी आपणच फुटते. नाकातून पिवळं पाणी येतं आणि संपलं."

"म्हणजे तीही जायची!"

नळी अजून तिच्या हातात होती. ती ट्रेमध्ये ठेवून तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. "इतकी वर्षं या खुर्चीत लोक येतात. गाठ वाढू दे म्हणणारे तुम्ही पहिले. त्या बॅगेत काय आहे?"

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझ्या नाकात तर नळी फिरवून झाली होती. मी सगळं सांगितलं. हेल्वी, गोठा, दाराची घंटी, कोइवुला, ते दोन दिवसांचं न बोलणं. सपाता आणल्यात हेही सांगितलं. बोलताना माझा आवाज चिडका येत होता, जणू हे सगळं तिनंच केलं होतं. "दोन आठवडे झोपायचं होतं," मी म्हणालो. "त्यासाठी डोक्यात भोक पाडा म्हणत होतो. जास्त मागितलं का?"

"माझ्याकडे त्याच्यासाठी सुरी नाही," ती म्हणाली. ती टिंगल करत नव्हती. "आणि सुट्टी तर तुमच्या हक्काची आहे. भोक न पाडताही मिळते."

"कारण काय सांगू?"

"खरं ते."

"खरं कारण नाहीच. मला काही झालेलं नाही. आत्ता तुम्हीच सांगितलंत."

"तुमच्या गालाला काही झालेलं नाही, असं सांगितलं मी."

मला तिचा राग आला. शिकलेल्या माणसांना असं एक वाक्य बोलून गप्प बसायची सवय असते, आणि आपण मात्र ते वाक्य बसमधून घरी न्यायचं. मी बॅग उचलली. दाराशी तिनं हात पुढे केला, आणि मी तो घेतला, कारण उजव्या हातातला रुमाल तिनं माझ्यासाठी डाव्या हातात घेतला होता.

परतीच्या बसमध्ये बॅग मांडीवर घेऊन मी गाढ झोपलो. ड्रायव्हरनं खांदा हलवून उठवलं तेव्हा माझी लाळ बॅगेवर गळली होती. "आलं तुमचं गाव," तो म्हणाला. उतरताना वाटलं, याला म्हणावं, आणखी पुढे ने, कुठेही ने.

*

दार उघडलं आणि घंटी वाजली. हेल्वी समोरच होती. दालनातल्या बाकावर, अंगात चांगला कोट, डोक्यावर लोकरीची गोल टोपी, हात मांडीवर, आणि पायाशी आमची जुनी तपकिरी सूटकेस. मागे इम्पी उभी, चेहरा लालबुंद.

"मी काही बोलले नाही," इम्पी घाईनं म्हणाली. "ती सारखी विचारत होती ओइवा कुठे, ओइवा कुठे. मी फक्त एवढंच म्हटलं, की त्याचं ऑपरेशन ठरलं तर तुला थोडे दिवस कोइवुलात…"

"एवढंच!"

"तेव्हापासून अशी बसलीय. कोट काढू देत नाही. सूप कोट घालूनच प्यायली."

मला एकदम गलबलून आलं. ही बाई दिवसभर इथे जीव मुठीत धरून बसली, आणि मी तिकडे गाठ वाढू दे म्हणून याचना करत होतो. मी बॅग टाकली, तिच्यापुढे गुडघे टेकले आणि कोटाची बटणं काढायला लागलो.

"कुठे जायचं नाही, हेल्वी. घाबरू नकोस. ऑपरेशन नाही. डॉक्टर म्हणाली, गाठ बिनकामाची आहे. तू इथेच राहायचंस, माझ्याजवळ. काढ कोट."

तिनं माझ्या हातावर चापटी मारली. पोळीला हात लावणाऱ्या पोराला मारावी तशी.

"का?"

"का म्हणजे? मला बरं नाही असं वाटलं होतं, पण मी बरा आहे. म्हणून जायची गरज नाही."

"तुझ्या गालाचा आणि माझा काय संबंध?" हेल्वी म्हणाली. "मी तयार आहे."

मी इम्पीकडे पाहिलं. इम्पी छताकडे पाहत होती.

"हेल्वी, तुला तिथे आवडलं नव्हतं. आठवतं? मी तुला आणलं, तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस."

ती विचारात पडली. आजकाल ती विचारात पडली की मी वाट बघत नाही, पुढचं मीच बोलून टाकतो. या वेळी मी थांबलो.

"तिथे बटाटे देतात," ती म्हणाली. "सोलायला. सुरी देतात. खरी."

"बरं."

"मी सोलत होते. ती मुलगी म्हणाली, हेल्वी, तुमच्यासारखं पातळ साल कुणालाच काढता येत नाही. मग एक माणूस आला. टोपीसुद्धा काढली नाही. चल म्हणाला." ओठ घट्ट मिटून ती माझ्याकडे बघू लागली, तशीच, त्या संध्याकाळी पाहिलं होतं तशी. "अर्धी बादली राहिली."

"म्हणून तू बोलत नव्हतीस?"

"अर्धी बादली तशीच राहिली," ती पुन्हा म्हणाली. शाळेत तिच्या हाताखालच्या पोरींना या आवाजाची धडकी भरायची.

मी तिच्या पायाशी तसाच बसून राहिलो. चार वर्षं मी त्या दोन दिवसांचा एकच अर्थ लावला होता, आणि त्या अर्थावर हे सगळं घर उभं केलं होतं. फडताळ, घंटी, खिशातली आगपेटी. पेटीवर दिवा लागला की गाल भरलाय असं समजणाऱ्या लेस्किनेनला मी बसची वाट बघताना शिव्या दिल्या होत्या. मी त्याच्याहून शहाणा निघालो नाही.

"इथे काही करू देत नाहीत," हेल्वी आता इम्पीला सांगत होती, घरी आलेल्या पाहुणीला सांगावं तसं. "या घरात एक माणूस आहे. सारखा मागे मागे असतो. भांडं घेतलं की काढून घेतो. दाराकडे गेलं की आलाच. तसा बरा आहे तो. पण दमवतो गं."

"हो ना," इम्पी म्हणाली, आणि तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात गेली.

हेल्वी झोपल्यावर मी तिची सूटकेस उघडली. आत शाळेतला पांढरा एप्रन होता, नीट घडी केलेला. त्याखाली टीव्हीचा रिमोट, जो मी आठवडाभर शोधत होतो. आणि तीन बटाटे. मी रिमोट काढून घेतला आणि बाकीचं तसंच ठेवून झाकण लावलं.

*

सकाळी कॉफी झाली तरी मी फोनकडे गेलो नाही. गालाला हात लावून बघितला. अजिबात दुखत नव्हता, हरामखोर. पाठ वाकवून बघितली, तीही ठीक होती. एखादं कारण मिळतंय का, म्हणून मी स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. कुठेच काही मोडलं नव्हतं. दोन्ही हात धड होते.

शेवटी सिर्कुनंच फोन केला.

"काय म्हणाले डॉक्टर? ऑपरेशन कधी?"

"ऑपरेशन नाही. बिनकामाची गाठ आहे. पडून राहील तिथेच."

"अरेरे. म्हणजे बरंच झालं की! मग खोली सोडून देऊ ना?"

हेल्वी दालनात आली होती. कोट घालत होती. एक बाही सापडली होती, दुसरी सापडत नव्हती. मी जागेवरून हललो नाही. ती बाही शोधत राहिली आणि सापडली तिला.

"ओइवा? आहात ना?"

"सोडू नकोस," मी म्हणालो.

"बरं. पण मग झालंय काय तुम्हाला?"

"काही झालेलं नाही. मला काहीसुद्धा झालेलं नाही, सिर्कु. मी दमलोय."

कवटीच्या आत कुठेतरी काही फुटल्यासारखं ऐकू आलं. बाहेर कुणाला ऐकू गेलं नसावं, कारण सिर्कु नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "किती दिवस लागतील?"

"दोन आठवडे."

"ठीक आहे. दुपारी आणता का तिला?"

एवढंच. वडील वरून काही बोलले नाहीत, आई खिडकीत आली नाही. मी फोन कानाला धरून उभा होतो आणि डोळ्यांतून, नाकातून पाणी गळत होतं, अगदी स्वच्छ, ते पुसायचंही सुचलं नाही.

"कोण आहे?" हेल्वीनं विचारलं. कोटाची सगळी बटणं तिनं एकटीनं लावली होती, एक घर चुकवून.

"कोइवुलावाली. मी दमलोय म्हणून सांगतोय तिला."

हेल्वीनं सूटकेस उचलली. "मग तिला सांग," ती म्हणाली, "मीही दमलेय."

मी तसं सांगितलं.